प्लम झाडावर पिकतं की पेटीत?

जूनचा दुसरा आठवडा उलटला की वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांची थप्पी खाली येते आणि तिथे उत्तरेकडचा लाल-जांभळा माल लागतो. चेरी आणि लिचीपाशी गिऱ्हाईक फारसे थबकत नाही. रंग बघितला, एखादे फळ तोंडात टाकले, पिशवी भरली. प्लमपाशी मात्र हात अडखळतो. कडक घ्यावे तर आंबट निघते, मऊ घ्यावे तर लोकलच्या गर्दीत त्याचा रस होतो, आणि नीट टिकावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवावे तर बाहेरून देखणे फळ आतून तपकिरी निघते.

डोंबिवलीच्या एका घरात या अडखळण्यावरून एका रविवारी चांगलाच वाद रंगला. वाद घालणारे दोघेही प्लम जाणणारे, पण वेगवेगळ्या टोकांनी. आत्याचे यजमान सीमा सडक संघटनेत होते, त्यामुळे तिच्या संसाराची काही वर्षे कुल्लूच्या खोऱ्यात गेली. प्लम तिने झाडाखाली उभे राहून खाल्ले आहे. भाचा वाशीच्या एका फळपेढीत आलेला माल तपासून घेण्याचे काम करतो. त्याच्यासमोर प्लम येते ते पेटीतून, तेही सुमारे १९०० किलोमीटरचा प्रवास करून, आणि हंगाम नसेल तेव्हा समुद्र ओलांडून.

आत्याने सुरीने दोन फाका केलेले प्लम त्याच्यापुढे सरकवले. साल टवटवीत होती. आत मात्र बीभोवतीचा गर तपकिरी पडलेला, ओलसर आणि चिवट, कडेला पिठूळ.

"बघ. सडका माल गळ्यात मारतात तुमचे लोक. घेतला तेव्हा एक डाग नव्हता."

"कधी घेतलास?"

"झाले पंधरा दिवस. दगडासारखी कडक होती, म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. म्हटलं, होतील हळूहळू मऊ. काल बाहेर काढली."

"आत्या, हे सडलेलं नाही, गारठलेलं आहे. आणि ते बाजारात नाही, इथे झालंय."

आत्याला हे पटणे शक्यच नव्हते. थंडीत जन्मलेले फळ थंडीने कसे बिघडेल? कुल्लूत तर हिवाळ्यात त्याच झाडांवर बर्फ साचलेला तिने पाहिला होता. पण भाच्याचे म्हणणे प्लमच्या साठवणुकीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या आणि घराघरात सगळ्यात कमी ठाऊक असलेल्या गोष्टीला धरून होते. व्यापारी शीतगृहात प्लम ठेवतात ते शून्याच्या आसपास, बऱ्याचदा उणे अर्धा अंश सेल्सियसला, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत. फळात साखर असल्यामुळे तेवढ्या थंडीत ते गोठत नाही. तिथे बरीचशी वाणे काही आठवडे चांगली राहतात. घरचा फ्रिज असतो ४-५ अंशांवर. आणि न पिकलेल्या प्लमसाठी साधारण २ ते ८ अंशांचा पट्टाच सगळ्यात घातक असतो.

"म्हणजे शून्याला चांगलं आणि पाचाला वाईट? थंडी कमी तर नुकसान कमी असायला हवं ना?"

"तसं वाटतं खरं. पण शून्याला फळ जवळजवळ झोपतं. आतलं सगळं कामच इतकं मंदावतं की बिघाडालाही वेळ लागतो. पाच अंशांना ते अर्धवट जागं असतं. पिकण्याची क्रिया सुरू होते, पण लंगडत. गर मऊ करणारी काही द्रव्यं कामाला लागतात, काही लागतच नाहीत. मग पेशींमधलं पेक्टिन नीट विरघळायच्या ऐवजी पाणी धरून बसतं, पेशींची आवरणं झिरपायला लागतात आणि गर तपकिरी होतो. गंमत म्हणजे फ्रिजमध्ये असेपर्यंत यातलं काही दिसत नाही. बाहेर काढून एक-दोन दिवस झाले की दिसतं."

"काल काढली, आज दिसलं," आत्या म्हणाली, आणि तिने फाका बाजूला सारल्या. पण हार मानण्याचा तिचा स्वभाव नव्हता. "एवढं नाजूक फळ आहे तर त्याला महिना-महिना शीतगृहात ठेवायचंच कशाला? झाडावरून काढलं की खावं."

इथून पुढचा वाद नुसता फ्रिजचा राहिला नाही. प्लम नेमके कशासाठी वाढवायचे, चवीसाठी की प्रवासासाठी, यावर तो गेला.

आत्या ज्या फळाच्या आठवणीवर बोलत होती त्याचे नाव सँटा रोझा. कुल्लू, मंडी, सोलन, सिरमौर या हिमाचलच्या मधल्या उंचीच्या पट्ट्यात प्लम म्हटले की आजही आधी हेच वाण डोळ्यांपुढे येते. साल किरमिजी, पिकता पिकता जांभळटपणाकडे झुकणारी. गर पिवळा, सालीजवळ लाली धरलेला. बी गराला चिकटलेली. सालीत आंबटपणा, गरात गोडी, आणि दोहोंच्या वर एक वास, जो पेटी उघडल्या उघडल्या खोलीभर होतो. कुल्लूच्या खोऱ्यात विलायती फळांची शेती रुजली ती कॅप्टन आर. सी. ली यांनी १८७० मध्ये बंदरोलला लावलेल्या बागेपासून. सँटा रोझाचा जन्म मात्र त्यानंतरचा आणि फार दूरचा.

कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा गावी ल्यूथर बरबँक नावाचे एक रोपवाटिकाकार राहत. १८८५ मध्ये त्यांनी जपानहून प्लमची बारा रोपे मागवली. त्यांतून 'बरबँक' आणि आतून रक्तासारखे लाल 'सात्सुमा' ही वाणे पुढे आली. मग वर्षानुवर्षे एका जातीचे परागकण दुसरीवर घालत, हजारो रोपे वाढवत आणि त्यांतली बहुतेक उपटून टाकत त्यांनी शंभराहून अधिक प्लम दिली. १९०६ मध्ये बाजारात आणलेल्या एकाला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. परमहंस योगानंदांचे १९४६ चे आत्मचरित्र ज्यांना अर्पण केलेले आहे ते बरबँक हेच. योगी आणि माळी यांची ओळख झाली ती त्याच सँटा रोझाच्या बागेत.

या फळांना सर्रास जपानी प्लम म्हणतात. मूळ चीनचे, जपानमार्गे जगभर गेले एवढेच. युरोपातले प्लम वेगळे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच, जपानीत दोन, त्यामुळे या दोघांचा संकर सहजी होत नाही. भारतात ताजे म्हणून विकले जाणारे जवळजवळ सगळे प्लम जपानी वंशाचे.

"ते झाडावर पिकलेलं सँटा रोझा एकदा खाल्लं ना, की तुमच्या त्या काळ्या कुळकुळीत मोठ्या प्लमकडे बघवत नाही," आत्या म्हणाली. "रंग केवढा, आकार केवढा, आणि चव? नुसतं गोड पाणी."

भाच्याने ब्लॅक अंबरची बाजू घेतली. घेणारच, त्याचा तो रोजचा माल. त्याने सांगितलेली हकीकत अशी. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एकूण प्लमपैकी साधारण एक तृतीयांश सँटा रोझा असत. पण ते झपाट्याने मऊ होते. लालसर सालीवर बोट जरी जोरात लागले तरी डाग उठतो. दूरच्या बाजाराला हे परवडेना. १९६८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तिथल्या फ्रेझ्नो केंद्रातून 'फ्रायर' आले, १९८० मध्ये 'ब्लॅक अंबर'. मोठे, कडक, काळ्या सालीचे. धक्का लागला तरी डाग दिसत नाही. 'अँजेलिनो' तर त्याहून चिवट. ते पिकतानाही फळ पिकवणारा इथिलीन वायू फार थोडा सोडते, त्यामुळे शून्याला दोन-तीन महिने टिकते.

"टिकतं म्हणून चांगलं?" आत्याने विचारले.

"टिकतं म्हणून शेतकऱ्याला पैसे मिळतात. आत्या, तू तिथे राहिलीस, तुला मंडी ते कुल्लूचा रस्ता ठाऊक आहे. फळ तयार होतं जूनच्या मध्यावर आणि पाऊस येतो त्याच्या पाठोपाठ. दरड कोसळली, रस्ता दोन दिवस बंद झाला, तर झाडावर पिकलेलं तुझं सँटा रोझा ट्रकमध्येच आंबेल. तो आधी कडक फळ तोडतो तो काही कुणाला फसवायला नाही."

हा मुद्दा आत्याला टोचला, कारण तो खरा होता. बागवाले तिच्या ओळखीचे होते. गारपिटीच्या संध्याकाळी त्यांच्या घरात चूल पेटत नसे, हे तिने पाहिले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने प्रश्नच बदलला.

"बरं, कडक तोडलं. पण आपण हापूससुद्धा कडकच उतरवतो की. अढीत घातला की गोड होतो. मग प्लम का होत नाही?"

लेखाचा सगळा भार या प्रश्नावर आहे असे म्हटले तरी चालेल. मराठी माणूस फळ पिकवणे शिकला आंब्यावर आणि केळ्यावर, आणि तेच ज्ञान प्लमला लावतो. तयार पण हिरव्या आंब्यात पिठूळ द्रव्याचा, म्हणजे स्टार्चचा, मोठा साठा असतो. अढीत आठवडाभरात त्याची साखर होते. केळ्यात हेच घडते, आणखी ठळकपणे. तोडायला आलेल्या प्लममध्ये असा साठा जवळजवळ नसतो. पानांनी केलेली साखर देठातून आत येते ती झाडावर असेपर्यंतच. देठ तुटला की ती वाट बंद. पुढे घरी जे होते ते एवढेच: गर मऊ होतो, आंबटपणा उतरतो, वास खुलतो, साल गडद होते. आंबटपणा उतरल्यामुळे फळ पहिल्यापेक्षा गोड लागते, पण साखर वाढलेली नसते. कच्चे तोडलेले प्लम टोपलीत आठ दिवस ठेवा. मऊ होईल, सुरकुतेल, गोड होणार नाही.

"मग माझंच खरं," आत्या म्हणाली. "गोडी झाडावर ठरते."

"गोडी झाडावर ठरते, हे तुझं खरं. पण चव पुरी होते ती झाडाबाहेर, हे माझं. सँटा रोझा झाडावर चांगलं रंगलेलं पण अजून घट्ट असताना तोडलं, तर घरी दोन-तीन दिवसांत ते तू म्हणतेस तसंच होतं. इथिलीनवर पिकणारं फळ आहे ते. दोष कडक तोडण्यात नाही. दोष कच्चं तोडण्यात आहे."

कडक आणि कच्चे यांतला हा फरक बाजारात कसा ओळखायचा, तिथे दोघांची पद्धत पुन्हा वेगळी निघाली. आत्याची भिस्त नाकावर. सँटा रोझाला देठाजवळ वास नसेल तर तिच्या लेखी ते फळ नव्हेच. भाचा आधी रंगाची पार्श्वभूमी बघतो, म्हणजे लालीच्या खालचा मूळ रंग. देठाच्या खळग्यात आणि सालीवरच्या सावलीच्या बाजूला हिरवट झाक असेल तर फळ लवकर तोडले. पिवळी झाक असेल तर तयार झाल्यावर तोडले. मग तो देठाच्या विरुद्ध टोकाला बोटाच्या पेराने अगदी हलका दाब देतो. तिथे किंचित लवचीकपणा लागला की फळ एक-दोन दिवसांत खाण्याजोगे. आत्याने याला जोरदार हरकत घेतली: दहा गिऱ्हाइकांनी दहा वेळा दाबलेले फळ अकराव्याने घ्यायचे? तिचे बरोबरच आहे. अंगठ्याने चिमटून बघणारे लोक गाड्यावरचा निम्मा माल खराब करतात. फळ तळहातावर घेऊन सगळ्या बोटांनी हलके कवेत धरले तरी ते सांगते काय सांगायचे ते.

काळ्या सालीच्या वाणांपाशी मात्र आत्याचे नाक आणि गिऱ्हाइकाचे डोळे दोन्ही फसतात. ब्लॅक अंबर किंवा फ्रायर पिकण्याच्या कितीतरी आधीच पूर्ण काळे होते. खुद्द बागवालाही तिथे रंगावर विसंबत नाही, गराचा कडकपणा मोजून तोडणी ठरवतो. वासही मंद. म्हणून काळ्या प्लममध्ये टोकाचा लवचीकपणा आणि हातातले वजन यांवरच भर द्यावा लागतो. आकाराच्या मानाने जड लागेल ते रसाळ. उलट टोकाला केल्सी. बर्कलीच्या जॉन केल्सी यांच्या नावाचे हे जपानी प्लम हृदयाच्या आकाराचे असते आणि पिकले तरी हिरवट-पिवळेच राहते. निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांतून येणाऱ्या मालात ते कधी दिसते आणि गिऱ्हाईक 'कच्चं आहे' म्हणून पुढे जाते. फ्रान्समध्ये ज्याला राणी क्लोदचे नाव मिळाले ते रेन क्लोदही असेच हिरवे, आणि युरोपातल्या सगळ्यात गोड प्लममध्ये त्याची गणना होते.

"आणि ती पांढरी पूड?" आत्याने विचारले. "शेजारच्या वहिनी म्हणतात औषध आहे फवारलेलं. घासून घासून धुतात."

"ते फळाचं स्वतःचं मेण आहे. द्राक्षावर असतं तेच. उलट ते असेल तर समज की फळाला हात कमी लागलेत. ते पाणी धरून ठेवतं. खायच्या आधी धू, पण आणल्या आणल्या धुऊन ठेवू नकोस. मेण गेलं आणि वर ओल राहिली की बुरशी आलीच."

फवारणी होते, हे खरेच. म्हणून वाहत्या पाण्याखाली धुणे चुकवू नये. पण फवारणी बघायची तर ती पांढऱ्या पुडीत दिसत नाही.

आत्याने एक निकष स्वतःहून मांडला आणि भाच्याने तो बिनतक्रार मान्य केला. देठाच्या खांद्यावर सुरकुत्या दिसल्या तर जपानी प्लम उतरलेले समजावे. पाणी गेलेले असते. टोकाला चिकट रस, सालीला चीर, नाहीतर एकच बाजू विटकरी आणि टणक असेल तर तेही नको. ती उन्हाने भाजलेली बाजू असते आणि कधीच मऊ होत नाही.

मग वाण कोणते घ्यावे? इथे हिमाचलच्या हंगामाचा क्रम उपयोगी पडतो, कारण बाजारात पाटी क्वचितच असते. महिना बघून अंदाज बांधता येतो. मे महिन्यात सगळ्यात आधी येते ते पंजाबच्या मैदानातले, 'सतलज पर्पल' आणि 'काला अमृतसरी'. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली ही वाणे कमी थंडीत येतात. सतलज पर्पलला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून त्याच्या ओळीत काला अमृतसरी लावावेच लागते. दोन्ही कामाची, पण साल आंबट. चटणी, सरबत, मुरांबा यांना उत्तम. नुसते खायला मीठ-तिखट हवे. हिमाचलचा माल मेअखेर 'रेड ब्युट'ने सुरू होतो. रंगाने मोहक, चवीने बेताचे; हंगामाच्या पहिल्या भावासाठी लावलेले वाण आहे ते. जूनच्या मध्यापासून सँटा रोझा. जूनअखेर आणि जुलैत 'फ्रंटियर' आणि 'मारिपोझा', दोन्ही आतून लालभडक. मारिपोझाची साल हिरवट-लाल आणि ठिपक्यांची असते. तीही अपक्व वाटते, पण आत गोडी भरलेली असते. ज्यांना सँटा रोझाची आंबट साल सोसत नाही, त्यांनी थांबून मारिपोझा घ्यावे. महाराष्ट्रात यांतले कोणतेही नीट येत नाही. सँटा रोझाला हिवाळ्यात ७ अंशांखालचे तीन-चारशे तास लागतात. ते मिळाल्याशिवाय झाडाच्या कळ्या जाग्या होत नाहीत. आपल्याकडचा हिवाळा तेवढा देत नाही.

"फेब्रुवारीत दिसतात ती?" आत्याने विचारले. "चकचकीत, लेबल लावलेली."

"चिली, दक्षिण आफ्रिका. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो."

"आणि चवीला?"

भाचा इथे प्रामाणिक राहिला. बोटीच्या वातानुकूलित कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे काढलेल्या फळाला झाडाखालच्या फळाची सर येत नाही, हे त्याने कबूल केले. पण ते यायला जी विद्या लागते तिचा त्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेहून निघणारी काही प्लम आधी उणे अर्ध्या अंशाला ठेवतात, मग काही दिवस मुद्दाम साडेसात अंशांपर्यंत उबवतात आणि पुन्हा थंड करतात. मधल्या उबेत फळ थोडे नीट पिकून घेते आणि गर तपकिरी होण्याचा धोका घटतो. म्हणजे ज्या पट्ट्यात आत्याच्या फ्रिजने प्लम बिघडवले, त्याच पट्ट्याचा तिथे मोजूनमापून औषधासारखा वापर होतो. फरक आहे तो क्रमाचा आणि मुदतीचा.

सँटा रोझाच्या वंशातच याहून नवलाची गोष्ट घडली आहे. त्याच्या झाडांवर कधीकधी एखादी फांदी आपसूक वेगळी निघते, तिची फळे वेगळी वागतात. अशा फांद्यांची कलमे करत करत उशिरा पिकणारी, इथिलीन कमी सोडणारी वाणे मिळाली, आणि शेवटी 'स्वीट मिरियम' नावाचे एक असे, जे इथिलीनवर पिकतच नाही. ते झाडावर हळूहळू साखर भरत राहते आणि तोडल्यावर मऊ होण्याची घाई करत नाही. आत्याला हवी ती गोडी आणि भाच्याला हवा तो टिकाऊपणा एकाच घराण्यात एकत्र येऊ शकतो, याचा हा पुरावा. वासाबद्दल मात्र आत्या ठाम होती: इथिलीन गेले की वासही जातो. यात तिचे बरेच खरे आहे. फळाचे बरेचसे सुगंध त्या वायूच्या इशाऱ्यावरच तयार होतात.

आता घरचा भाग. त्यावर दोघांचे मत शेवटी एक झाले, पण वेगवेगळ्या कारणांनी. कडक प्लम आणल्यावर फ्रिजच्या बाहेर, उन्हापासून दूर, वर्तमानपत्रावर एकाच थरात देठ खाली करून पसरावे. २० ते २५ अंश उत्तम. मुंबई-ठाण्याच्या जूनमध्ये ३० च्या आसपास असते, तिथे दोन ते तीन दिवस पुरतात. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासोबत ठेवावे, तोंड सैल दुमडून. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. आत घाम धरतो आणि एका फळाची बुरशी सगळ्यांना लागते. तांदळाच्या डब्यात पुरण्याची आत्याची सवय भाच्याने सोडायला लावली. वायू कोंडून राहतो हे खरे, पण प्लमची साल पातळ, आणि एखादे फुटले की तांदूळही जातात. रोज सकाळी एकदा हात फिरवून मऊ झालेली वेगळी काढावीत.

मऊ झालेले, म्हणजे टोक लवणारे आणि वास सुटलेले प्लम, मात्र फ्रिजमध्येच जावे. पिकून झालेल्या फळाला चार अंशांची तेवढी भीती नाही. तीन ते पाच दिवस ते चांगले राहते. खाण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढावे. गार फळाला वास नसतो, आणि सँटा रोझाचा वास गेला तर उरते काय, असे आत्या म्हणाली. त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर दोन फाका करून, बी काढून, ताटलीत सुटे गोठवावे आणि मग डब्यात भरावे.

उतरलेल्या फळांचे आत्या करते ती चटणी तिने कुल्लूत शिकलेली नाही, माहेरच्या आंब्याच्या चटणीवरून बेतलेली आहे. अर्धा किलो अतिपिकलेली प्लम साल ठेवून, बी काढून, वाटीभर गूळ, चमचाभर बडीशेप, सुंठ, लाल तिखट आणि मीठ घालून मंद आचेवर. पाणी अजिबात घालायचे नाही. प्लममध्ये पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्यामुळे ती वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप दाटते. साल काढली तर रंगही जातो आणि तो हवासा आंबटपणाही. बीतला गर मात्र फोडून खाऊ नये. त्यातून शरीरात सायनाइड तयार होऊ शकते.

"आणि मशीद बंदरला मिळतात ते सुके आलुबुखार?" भाच्याने विचारले. या वेळी त्याने तिला विचारले, तिने त्याला नव्हे.

"ते बिर्याणीत आणि सरबतात. आंबट असतात. ते मऊ, काळे, गोड प्रून्स वेगळे."

वेगळेच आहेत. प्रून्स होतात युरोपीय प्लमची. फ्रान्समधल्या आजाँचे वाण यासाठी नावाजलेले. १८५६ मध्ये त्याची कलमे पेलिए बंधूंनी कॅलिफोर्नियात नेली आणि तिथल्या वाळवणीच्या उद्योगाला पाया मिळाला. या वाणात साखर इतकी असते की बीसकट वाळवले तरी ते आंबत नाही. साधारण तीन किलो ताज्या फळाचे एक किलो सुके होते. सँटा रोझा असे वाळवायला गेले तर सगळे पाणीच. म्हणून ते ताजेच खायचे फळ. प्रून्स पोट साफ करतात ही ख्याती त्यातल्या तंतूंबरोबरच सॉर्बिटॉल नावाच्या साखरेसारख्या द्रव्यामुळे, आणि म्हणूनच पहिल्याच दिवशी मूठभर खाऊ नयेत.

उठता उठता आत्याने सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. झाडावर दोन दिवस जास्त ठेवलेल्या प्लमला बागवाल्याला जास्त भाव मिळतो का?

"नाही," भाचा म्हणाला. "भाव मिळतो आकाराला, रंगाला आणि कडकपणाला. गोडी मोजायचं यंत्र आमच्या खिशात असतं, एक थेंब रस टाकला की आकडा दिसतो. पण त्या आकड्यावर सौदा होत नाही."

"का होत नाही?"

"गिऱ्हाईक विचारत नाही."

"कलिंगड कापून दाखव म्हणतो आम्ही. मग प्लमही कापून दाखवा. एका पेटीतलं एक फळ गेलं तर काय बिघडलं?" आत्याच्या आवाजात आता वादाचा सूर नव्हता, हिशेबाचा होता. "आणि विचारायचं कुठलं वाण आहे, पेटी शीतगृहातून आली की सरळ ट्रकमधून. दहा जणींनी विचारलं तर अकराव्या दिवशी तुमचा दुकानदार आधीच पाटी लावून ठेवेल."

भाच्याला हे होईल असे वाटत नव्हते आणि त्याने तसे सांगितलेही. किरकोळ दुकानदाराला स्वतःलाच वाण ठाऊक नसते. अडत्याच्या गाळ्यावर सँटा रोझा आणि फ्रंटियर शेजारी शेजारी लागलेले असतात आणि पावतीवर फक्त 'प्लम' लिहिलेले असते. आत्याचे म्हणणे असे की पावतीवर हापूस आणि पायरी वेगळे लिहायला शिकलेल्या बाजाराला हे शिकायला काही अडचण नाही.

"पुढच्या आठवड्यात फ्रंटियर येईल," तो चपला घालताना म्हणाला. "आतून लाल असतं ते. एक पेटी पाठवतो. आणल्या आणल्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस."

"नाही ठेवणार. पण तू नुसती दाबून बघितलेली पेटी नको पाठवू. वास घेऊन निवड."